तळ्यांच्या मुलुखाचा बेत

नागपुराहून पूर्वेस मोटारीनें निघालेला मनुष्य बहुधा रायपूर-कलकत्त्याकडे डोळे लावून बसलेला असतो. भंडारा मागें पडतें, लाखनी येते, साकोली येते, आणि रस्त्याच्या दोहों बाजूंस मधूनमधून चमकून जाणारें पाणी म्हणजे पावसाचें सांचलेलें डबकें असावें अशा समजुतीनें तो पुढें निघून जातो. वस्तुतः त्या वेळीं तो एका मोठ्या जुन्या मानवी कर्तृत्वाच्या मधोमध असतो. जुन्या भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा असें म्हणत. इ. स. १९९९ मध्यें त्यांतून गोंदिया जिल्हा निराळा झाला आणि तळ्यांचीहि वांटणी झाली. परंतु पाणी, भात आणि रान यांचा तो मुलूख अद्यापि एकच आहे. यंदा मार्गशीर्षांत घरांतील सर्वांनीं मिळून चार दिवस त्या मुलुखांतून हिंडून यावें असें आमच्या घरीं ठरलें. तो बेत आंखतांना जे विचार व जे वाद झाले, ते आमच्यासारख्याच भरल्या घरांतून राहणाऱ्या वाचकांस उपयोगीं पडतील अशा आशेनें येथें लिहीत आहों.

प्रथम मार्ग सांगतों. नागपुराहून ईशान्येस रामटेक. तेथून आडरस्त्यानें भंडारा. पुढें मोठ्या हमरस्त्यानें साकोलीवरून कोहमारा. कोहमाऱ्यास दक्षिणेकडे वळून नवेगांव-बांध आणि अर्जुनी-मोरगांव. तेथून इटियाडोहचें धरण. परततांना लाखांदूर, पवनी, भिवापूर, उमरेड आणि पुनः नागपूर. सर्व फेरा चारशें किलोमीटरांच्या आंतबाहेर होतो. नकाशावर बोट फिरविलें तर एक ओबडधोबड वर्तुळ पुरें होतें, आणि एकदां गेलेल्या रस्त्यानें पुन्हां यावें लागत नाहीं, हा या मार्गाचा पहिला गुण.

वाद सुरू झाला तो याच चारशें किलोमीटरांवरून. घरांतील तरुण मंडळींचें म्हणणें असें कीं, एवढ्या अंतरास चार दिवस कशाला? पहांटे निघावें, रामटेक पाहावें, नवेगांवास दुपारचें जेवण करावें आणि रात्रीं घरीं यावें. उरलेले तीन दिवस दूर कोठें तरी, पचमढीस किंवा समुद्रकांठीं घालवावे. हातांतील फोनवरचा नकाशा त्यांच्याच बाजूनें साक्ष देत होता. रस्ते चांगले झाले आहेत, मोटारी वेगवान् आहेत, ही गोष्ट कोणी नाकारीत नाहीं. हिशेब चुकीचा नव्हता. पण तो हिशेब मोटारीचा होता, माणसांचा नव्हता.

माणसें एकंदर तेरा. त्यांत सर्वांत लहान चार वर्षांचा, आणि सर्वांत वडील म्हणजे आमच्या थोरल्या आत्याबाई, वय वर्षें ब्याऐंशी. आत्याबाईंचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, लाखांदुराजवळच्या एका खेड्यांत शाळामास्तर होते. आत्याबाई अकरा वर्षांच्या होईपर्यंत त्याच खेड्यांत वाढल्या. पुढें आजोबांची बदली झाली, बिऱ्हाड नागपुरास आलें, आणि त्यानंतरच्या सत्तर वर्षांत त्यांचें पाऊल तिकडे पडलेलें नाहीं. काशी झाली, रामेश्वर झालें, बदरीनारायणहि झाला. पण घरापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावरचें तें खेडें राहिलें तें राहिलेंच. सहलीचें नांव निघतांच त्या इतकेंच म्हणाल्या, "देवळें मला पुष्कळ झालीं रे. मला तळ्याची पाळ दाखवा."

अडचण अशी कीं, आत्याबाईंना तासा-दीड तासापेक्षां अधिक एका जागीं बसवत नाहीं. गुडघे आंखडतात, पाय सुजतात. डॉक्टरांनींहि तेंच बजावलें आहे. तेव्हां घरांतील कांहींनीं, अगदीं चांगल्या हेतूनें, असें सुचविलें कीं, त्यांस त्रास देऊं नये. त्यांनीं घरीं विश्रांति घ्यावी, आणि आपण तळ्यांचीं चित्रें काढून आणून त्यांना दाखवावीं. सर्वांनीं माना डोलावल्या. तेवढ्यांत आमच्या थोरल्या वहिनी भाजी निवडतां निवडतां शांतपणें म्हणाल्या, "आत्याबाई घरीं राहिल्या तर त्यांच्यापाशीं कोणी राहावयाचें, हें मात्र कोणीच विचारलें नाहीं." कोणी विचारलें नव्हतें, कारण उत्तर सर्वांनाच ठाऊक होतें. गेल्या तीस वर्षांत घरच्या ज्या ज्या सहली निघाल्या त्यांत वहिनी एक तर घरीं राहिल्या, किंवा गेल्या तेथें चुलीपुढें राहिल्या.

त्या एका वाक्यानें सगळा बेत फिरला. सहल सर्वांनीं मिळून करावयाची तर ती घरांतील सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पावलानें आंखली पाहिजे, हें आम्हांस पटलें. एकत्र कुटुंबांत खर्च सामाईक असतो, सणवार सामाईक असतात. विसांवा मात्र पुष्कळदां एका बाजूसच जातो. म्हणून आम्हीं तीन नियम केले. पहिला, कोणतीहि मजल दीड तासापेक्षां मोठी नसावी. दुसरा, दिवसास एक गांव आणि एक पाणी, यांपेक्षां अधिक कांहीं पाहूं नये. तिसरा, वाटेंत स्वयंपाक करावयाचा नाहीं. दशम्या, गूळपापडी, चिवडा हें सर्व घरूनच न्यावें, तेंहि पुरुषमंडळींनीं हात लावून करावें. आणि दुपारचें ऊन जेवण गांवांतील साध्या खाणावळींत घ्यावें. आत्याबाईंच्या सोंवळ्याचा प्रश्न निघेल असें वाटलें होतें. पण "स्वच्छ ताट आणि ऊन भात असला म्हणजे झालें," असें म्हणून तो त्यांनींच मिटविला.

या नियमांत बसवून पाहतां चार दिवसांची वांटणी आपोआपच झाली. पहिला दिवस रामटेकचा. तें नागपुराहून सुमारें पन्नास किलोमीटरांवर आहे. टेकडीवरील मंदिराच्या अगदीं जवळपर्यंत गाडीरस्ता गेला असल्यामुळें वृद्धांस पायऱ्यांची भीति नाहीं. कालिदासाच्या मेघदूतांतील रामगिरि तो हाच, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं साधार प्रतिपादन केलें होतें. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या व वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या काळापासून या टेकडीचें माहात्म्य आहे. टेकडीच्या पायथ्याशीं घाटांनीं व देवळांनीं वेढलेलें अंबाळा तळें आहे, आणि जवळच ब्रिटिश अमदानींत बांधलेला खिंडसीचा विस्तीर्ण जलाशय आहे. मुलांना नावेंत बसावयाचें तर खिंडसी, आणि वडील मंडळींना घाटावर बसावयाचें तर अंबाळा. पण आमच्या नियमाप्रमाणें पाणी एकच निवडावयाचें. तेव्हां मतें घेतलीं गेलीं, आणि मुलांचा पक्ष जिंकला.

दुसरा दिवस वैनगंगेच्या कांठच्या भंडाऱ्याचा, आणि तेथून पुढें नवेगांवापर्यंत. भंडारें पितळेच्या भांड्यांबद्दल जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. ज्या घरांतून अद्यापि पितळी पातेलीं कल्हई करून वापरतात त्यांनीं तेथील बाजारांत एक फेरी अवश्य मारावी. चांगला चिन्नोर तांदूळहि याच बाजूचा. भंडाऱ्यापासून पुढें मात्र खिडकीबाहेर लक्ष ठेवावयास मुलांना सांगून ठेविलें आहे, कारण खऱ्या तळ्यांचा मुलूख येथून सुरू होतो.

हीं तळीं निसर्गानें दिलेलीं नाहींत, हें मुलांना आधीं समजावून द्यावें लागलें. या भागांत पाऊस थोडा नाहीं. वर्षाकाठीं साधारण १२०० ते १४०० मिलिमीटर पडतो. पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. जमीन चढउताराची, खालचा खडक कठीण. त्यामुळें पाणी मुरण्यापूर्वींच वाहून जातें. आणि भातास दाणा भरण्याच्या वेळीं, आश्विनांत, जेव्हां पाण्याची खरी निकड असते, तेव्हां नेमकें आभाळ कोरडें होतें. यावर येथील शेतकऱ्यांनीं युक्ति काढली ती अशी. दोन उंचवट्यांच्या मधून वाहणाऱ्या नाल्यास मातीची पाळ आडवी घालावयाची. पाळीच्या टोकास कठीण जमीन पाहून सांडवा ठेवावयाचा, म्हणजे जादा पाणी पाळ न फोडतां निघून जातें. त्या सांडव्याचें पाणी खालच्या तळ्यांत, त्याचें त्याहून खालच्या तळ्यांत, अशी माळ ओंवीत न्यावयाची. पाळीखालच्या बांध्यांना पाटानें पाणी द्यावयाचें, आणि उन्हाळ्यांत तळाचा गाळ काढून तो शेतांत टाकावयाचा. मोठ्या तळ्यास या बाजूस बांध म्हणतात, आणि एखाद्या शेतकऱ्याच्या शेतांतील लहानशा तळ्यास बोडी म्हणतात.

या विद्येंत कोहळी समाजाचा हातखंडा होता. गोंड राजांनीं त्यांस उत्तेजन दिलें, आणि जो तळें बांधील त्यास त्याच्या पाण्याखालीं भिजणारी जमीन मिळे, असें सांगतात. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीं इ. स. १९१६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील ग्रंथांतहि कोहळ्यांच्या तलाव बांधण्याच्या कौशल्याची नोंद आहे. हातांत दुर्बीण नाहीं, कागदावर आराखडा नाहीं, आणि तरी पावसाळ्यांत पाणी कोठपर्यंत चढेल हें जमिनीचा उतार पाहून सांगणारे ते लोक होते. आमच्या घरांत दोन स्थापत्यविशारद आहेत. हें ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले, आणि मग सांडव्याची जागा पूर्वीच्या लोकांनीं कशी ठरविली असावी यावर त्यांचा रात्रीं अकरापर्यंत खल चालला.

पुढें मालगुजारी आली. गांवचा मालगुजार सारा वसूल करी, आणि तळ्यांची डागडुजीहि त्याच्या देखरेखीखालीं गांवकरी करीत. इ. स. १९५० च्या कायद्यानें ही पद्धत रद्द झाली, आणि १९५१ पासून तळीं सरकारजमा झालीं. मालगुजारी गेली हें इष्टच झालें. तींत जुलूम होता आणि वेठबिगार होती. परंतु उन्हाळ्यांत पाळीवर माती घालणें आणि तळाचा गाळ काढणें हें काम त्यानंतर पुष्कळ ठिकाणीं कोणाचेंच राहिलें नाहीं. पूर्व विदर्भांत अशीं सहा हजारांहून अधिक तळीं आहेत. त्यांतील कित्येक गाळानें उथळ झालीं आहेत. सरकारी दप्तरांत त्यांस 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, आणि त्याचें संक्षिप्त रूप 'मामा तलाव' असें झालें आहे. हें नांव ऐकून मुलांची हंसून पुरेवाट झाली. आत्याबाई मात्र म्हणाल्या, "मालगुजारी गेली तें साल मला आठवतें. पाटलाच्या घरीं चूल पेटली नव्हती, आणि आमच्या शेजारच्या घरीं गूळ वांटला होता." एकाच गांवांत एकाच दिवशीं घडलेल्या या दोन गोष्टी आम्हीं पूर्वीं कधीं ऐकिल्या नव्हत्या. सहल निघण्याच्या आधींच तिचें पहिलें फळ आमच्या पदरांत पडलें.

तिसरा दिवस सर्वस्वीं नवेगांव-बांधाचा. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें हा बांध घातला, अशी परंपरा आहे. सभोंवारच्या सात टेकड्यांस सात बहिणी म्हणतात, आणि बांध घालण्याच्या कामीं त्या साहाय्यास आल्या अशी लोककथा आहे. आज हा तलाव ज्या रानांत आहे तें इ. स. १९७५ मध्यें राष्ट्रीय उद्यान झालें, आणि २०१३ मध्यें नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पांत समाविष्ट झालें. हिंवाळ्यांत उत्तरेकडून पाहुणे पक्षी येथें उतरतात. महाराष्ट्रांतून इतरत्र नाहींसा झालेला सारस पक्षी आतां मुख्यत्वेंकरून याच गोंदिया जिल्ह्याच्या भातखाचरांतून टिकून आहे, तोहि मोजक्याच संख्येनें. त्याची जोडी दृष्टीस पडली तर भाग्य, न पडली तरी तक्रार करावयाची नाहीं, असें मुलांकडून कबूल करून घेतलें आहे.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून येथें राहिले होते. त्यांचें 'नवेगांवबांधचे दिवस' हें पुस्तक मराठी वाचकांस परिचित आहेच. जून २०२५ मध्यें ते निवर्तले. निघण्यापूर्वीं तें पुस्तक घरांत सर्वांना वाचून दाखवावयाचें ठरवून आम्हीं रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर रोज अर्धा तास वाचन सुरू केलें आहे. ज्या ठिकाणीं जावयाचें तेथील एखादें पुस्तक आधीं मोठ्यानें वाचावें, ही सूचना आम्ही सर्व कुटुंबांस आग्रहानें करूं. पक्षी ओळखण्यास डोळे लागतात, आणि डोळ्यांस आधीं नांवें ठाऊक असावीं लागतात.

ज्यांना उत्साह आहे त्यांनीं त्या रात्रीं वडसा-अर्जुनीच्या बाजूस झाडीपट्टीचें नाटक पाहावें. दिवाळीपासून होळीपर्यंत या भागांत गांवोगांव नाटकें होतात, तीं रात्रभर चालतात, आणि पंचक्रोशींतून माणसें लोटतात. आमच्या मंडळींपैकीं चौघांनीं नांवें नोंदविलीं आहेत. त्यांत पहिलें नांव थोरल्या वहिनींचें आहे.

चौथ्या दिवशीं सकाळीं गाढवी नदीवरचें इटियाडोह धरण. त्याच्याच जवळ गोठणगांव-प्रतापगडच्या बाजूस तिबेट सोडून आलेल्या निर्वासितांची वसाहत इ. स. १९७२ पासून आहे. हिमालयापलीकडचीं माणसें भाताच्या आणि मोहाच्या मुलुखांत घर करून राहिलीं, ही गोष्ट मुलांना आश्चर्याची वाटली. हिंवाळ्यांत त्यांतील पुष्कळजण लोकरीचे कपडे विकण्यास शहरोशहरीं गेलेले असतात. तरी त्यांचा बौद्ध विहार पाहतां येईल. तेथून लाखांदूर, मग आत्याबाईंचें खेडें, आणि दुपार टळल्यावर पवनी.

पवनीस जुना कोट आहे, वैनगंगेचे घाट आहेत, आणि देवळें तर इतकीं कीं, तिला विदर्भाची काशी म्हणतात. येथेंच इ. स. १९६९-७० मध्यें झालेल्या उत्खननांत प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सांपडले. जवळच गोसीखुर्दचें प्रचंड धरण आहे. त्याची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजीं बसविण्यांत आली. त्याच्या पाण्यानें हजारों एकर भिजतात हें खरें. त्याच पाण्याखालीं पुष्कळ गांव गेले हेंहि खरें. तीन दिवस गांवकऱ्यांनीं बांधलेलीं तळीं पाहून आल्यावर हें अफाट पाणी पाहिलें म्हणजे मुलें आपण होऊन प्रश्न विचारतील असें वाटतें. त्यांचीं उत्तरें आम्हीं आधीं तयार करून ठेविलेलीं नाहींत.

कांहीं व्यावहारिक गोष्टी. मार्गशीर्ष-पौष हा काळ उत्तम; तळीं भरलेलीं असतात, भात कापून खळ्यावर आलेला असतो, आणि रस्ते कोरडे असतात. मात्र गोंदियाची थंडी विदर्भांत कडक समजली जाते. शाली व कानटोप्या विसरूं नयेत. नवेगांवच्या मुक्कामाची जागा आधीं ठरवावी, आणि ती तळमजल्यावरची मागून घ्यावी. औषधांचा डबा एकाच मोटारींत न ठेवतां दोन्हींत निम्मानिम्मा ठेवावा. वाटेंत कोणाची प्रकृति बिघडलीच, तर सौंदड आणि अर्जुनी हीं दोन्ही स्थानकें गोंदिया-बल्लारपूर लोहमार्गावर आहेत. तेथून आगगाडीनें गोंदियास व पुढें नागपुरास येतां येतें. पाळीवर चालतांना लहान मुलांचा हात सोडूं नये. आणि तळ्यावर मासे धरणाऱ्या ढीवर बांधवांच्या जाळ्यांस व नावांस विचारल्यावांचून हात लावूं नये; तें पाणी आपल्यास देखावा असलें तरी त्यांची तें भाकर आहे.

एक गोष्ट मात्र बेतांत बसवितां आलेली नाहीं. आत्याबाईंच्या खेड्यांतील तळें आज कोणत्या स्थितींत असेल तें आमच्या घरांत कोणासहि ठाऊक नाहीं. तें भरलेलें असेल, गाळानें बुजलेलें असेल, किंवा बेशरमाच्या झुडुपांनीं व्यापून गेलेलें असेल. सत्तर वर्षें मनांत जपलेलें पाणी नाहींसें झालेलें पाहून त्यांस धक्का बसेल, अशी भीति आमच्या मनांत होती; म्हणून आम्हीं ती त्यांस स्पष्टच बोलून दाखविली. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "पाणी नसलें तर नसो. पाळ तर असेल? ती माणसांनीं डोक्यावर माती वाहून घातलेली आहे, एवढ्यांत कोठें जावयाची नाहीं. तिच्यावर घोंगडी घालून बसूं." त्या ठिकाणासाठीं वेळापत्रकांत आम्हीं दोन तास कोरे ठेविले आहेत. तरुण मंडळींनीं यांतील अर्धा तास तरी पवनीस द्यावा असें सुचविलें, तें थोरल्या वहिनींनीं मान्य केलें नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा बेत शिजत असेल त्यांनीं नकाशा उलगडण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांस एकदां विचारून पाहावें, कीं तुम्हांला कोठें जावयाचें राहिलें आहे? बहुधा तें ठिकाण फार दूर नसतें. आणि तेथें जाण्याचा रस्ता आतां पूर्वींपेक्षां पुष्कळ चांगला झालेला असतो.